घरी काडतुसे पुन्हा भरण्यासाठी पहिला प्रेस कोणता घ्यावा?

प्रश्न

मी .38 स्पेशल रिव्हॉल्व्हर आणि .308 रायफल वापरतो. परवान्याच्या आणि कायद्याच्या बाबी पूर्ण असून वापरलेल्या केस (काडतुसांची रिकामी आवरणे) मी जपून ठेवल्या आहेत. रिव्हॉल्व्हरची काडतुसे महिन्याला काही शे लागतात. रायफलची मात्र थोडीच, पण ती अचूक हवीत. सिंगल स्टेज प्रेस (काडतूस भरण्याचे, एका वेळी एकच काम करणारे यंत्र) फार संथ असतो आणि काही दिवसांतच प्रोग्रेसिव्ह (एका फेरीत अनेक कामे करणारा) घ्यावा लागतो, असे बरेच जण सांगतात. तसे असेल तर आधीच प्रोग्रेसिव्ह घेणे योग्य ठरेल का? जागा एका मजबूत टेबलापुरतीच आहे.

पहिले उत्तर

तुमच्याकडे रायफल आहे, त्यामुळे माझे मत सिंगल स्टेजच्या बाजूने आहे. .308 ची केस मानेशी निमुळती असते. तिचे पूर्ण लांबीचे रीसायझिंग (झाडल्यावर फुगलेली केस दाबून मूळ मापाची करणे) करायला बराच जोर लागतो, त्याआधी केसला वंगण लावावे लागते, आणि नंतर तिची लांबी मोजून गरजेप्रमाणे ट्रिमिंग करावे लागते. म्हणजे काम मध्येच थांबणारच असते, आणि जिथे काम थांबते तिथे प्रोग्रेसिव्हच्या वेगाचा उपयोग उरत नाही. बंद चौकटीचा, म्हणजे ‘ओ’ आकाराचा, ओतीव लोखंडी प्रेस घ्यावा. आरसीबीएसचा रॉक चकर किंवा लीचा क्लासिक कास्ट ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. पुढे दुसरा प्रेस घेतलात तरी हा वाया जात नाही, कारण बहुतेक डाय (प्रेसमध्ये बसणारे, केसवर काम करणारे साचे) 7/8-14 या एकाच मापाच्या आट्यांच्या असतात आणि त्या बहुतेक प्रेसवर बसतात.

आणखी एक गोष्ट मला वेगापेक्षा महत्त्वाची वाटते. सिंगल स्टेजवर बंदुकीची दारू भरलेल्या सगळ्या केस लोडिंग ब्लॉकमध्ये (केस ठेवायच्या भोकांच्या ठोकळ्यात) ओळीने उभ्या राहतात, आणि गोळी बसवण्यापूर्वी दिव्याखाली त्यांच्यावरून नजर फिरवली की एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली केस वेगळी दिसते.

दुसरे उत्तर

वरील उत्तर रायफलपुरते मान्य आहे, पण रिव्हॉल्व्हरची काही शे काडतुसे सिंगल स्टेजवर भरणे म्हणजे प्रत्येक केस तीन-चार वेळा हातात घेणे. सहनशीलता कितीही असली तरी कंटाळा येतो, आणि कंटाळलेल्या माणसाने दारूला हात लावू नये. म्हणून टरेट प्रेसचाही विचार करावा. त्यात डाय एका फिरत्या डोक्यावर कायम बसवलेल्या राहतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यासाठी त्या काढून पुन्हा जुळवाव्या लागत नाहीत. लीच्या क्लासिक टरेटमध्ये चार डाय मावतात आणि हँडलच्या प्रत्येक फेरीबरोबर डोके आपोआप पुढे सरकते. त्यातली फिरवणारी दांडी काढली की तोच प्रेस सिंगल स्टेजसारखा वापरता येतो. रेडिंगच्या टी-7 मध्ये सात डाय बसतात, पण त्याचे डोके हाताने फिरवावे लागते. टरेटचे डोके दाबाखाली किंचित लवते ही तक्रार खरी आहे, मात्र डाय त्याच प्रेसवर जुळवलेल्या असतील तर तुमच्या कामाला त्याने फारसा फरक पडू नये. .38 स्पेशलसाठी कार्बाइड (अतिशय कठीण पदार्थाची) सायझिंग डाय घ्यावी, म्हणजे केसला वंगण लावावे लागत नाही.

तिसरे उत्तर

मी स्वतः प्रोग्रेसिव्ह वापरतो, तरीही पहिला प्रेस म्हणून तो सुचवणार नाही. हँडलच्या एका फेरीत चार-पाच ठिकाणी वेगवेगळी कामे एकाच वेळी होत असतात, आणि प्रत्येक ठिकाणी काय बिघडू शकते हे हाताला कळेपर्यंत नुसता वेग धोकादायक असतो. डिलनच्या 550 या प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये शेल प्लेट (केस धरणारी तबकडी) हाताने फिरवावी लागते. कोणी मध्येच हाक मारली आणि ती फिरवायची राहिली, तर त्याच केसमध्ये पुन्हा दारू पडते. आपोआप फिरणाऱ्या प्रेसमध्ये ही शक्यता कमी होते, पण काही अडकल्यावर आपण रॅम (केस वर नेणारा दांडा) वर-खाली करतो तेव्हा नेमका तोच प्रश्न उभा राहतो.

.38 स्पेशलच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. ही केस मुळात काळ्या दारूच्या काळातली असल्यामुळे लांब आहे, आणि आजच्या धूरविरहित दारूचे माप तिच्या तळाशी पडून राहते. दुप्पट माप पडले तरी ते बाहेर सांडत नाही. उलट माप पडलेच नाही, तर प्रायमरच्या (केसच्या तळाशी बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते आणि पुढची गोळी झाडताच नळी फुगते किंवा फाटते. दारूची पातळी तपासणाऱ्या डायसाठी एक मोकळे स्टेशन (प्रेसवरची डायची जागा) लागते. 550 ची चारही स्टेशने, गोळी बसवणे आणि क्रिंप करणे (केसचे तोंड गोळीवर आवळणे) वेगवेगळे ठेवले तर, भरलेली असतात, डिलनच्याच पाच स्टेशनांच्या 750 मध्ये मात्र एक मोकळे ठेवता येते. स्वस्तात मिळाला म्हणून डिलनचा स्क्वेअर डील बी घेण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की तो फक्त हँडगनच्या काडतुसांसाठी आहे आणि त्याला त्याच्याच खास डाय लागतात.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. प्रोग्रेसिव्हचा विचार तूर्त सोडला आहे. दांडी काढता येणारा टरेट दोन्ही कामांना पुरेल असे दिसते. प्रायमर प्रेसवरच बसवावेत की त्यासाठी वेगळे हत्यार घ्यावे?

पहिले उत्तर देणारे

टरेटला माझी हरकत नाही. फक्त सुरुवातीला दांडी काढूनच काम करावे आणि ब्लॉकमधली तपासणी सोडू नये. प्रायमरसाठी हाताचे हत्यार घ्यावे, कारण प्रायमर केसच्या तळातल्या खिशात पूर्ण बसल्याचे बोटांना स्पष्ट जाणवते. तो केसच्या तळापेक्षा किंचित आत असायला हवा. बाहेर राहिला तर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फिरताना अडतो. प्रायमर हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच. टेबलाला प्रेस आरपार बोल्टने कसावा, नुसत्या लाकडी स्क्रूने नव्हे, कारण .308 च्या सायझिंगला ते उपटून येतात. आणि प्रेसवर सगळे पैसे खर्च करू नयेत: 0.1 ग्रेनपर्यंत (ग्रेन म्हणजे दारू मोजायचे वजनाचे एकक) मोजणारा तराजू, तो पडताळण्यासाठी प्रमाणित वजने आणि दारूच्या उत्पादकाची चालू माहितीपुस्तिका यांची तरतूद आधी करावी.