आठ वर्षांच्या मुलीसाठी समर टीम निवडावी की वर्षभराचा स्विम क्लब?

फेअरफॅक्सकर
आम्ही व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत राहतो. माझी आठ वर्षांची मुलगी फ्रीस्टाईल आणि बॅकस्ट्रोकने २५ मीटर न थांबता पार करते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय अजून नीट पडत नाहीत आणि बटरफ्लाय तिने केवळ पाहिलेला आहे. आमच्या वसाहतीच्या तलावाची उन्हाळी टीम आहे. शिवाय जवळच्या रेक सेंटरमधील (काउंटीच्या सार्वजनिक क्रीडा केंद्रातील) एका क्लबने चाचणी घेऊन तिला प्रवेश देऊ केला आहे, मात्र आठवड्यातून तीन दिवस सराव आणि संपूर्ण वर्षाच्या शुल्काची हमी अशी त्यांची अट आहे. शनिवारी सकाळी तिचे कथक असते आणि रविवारी मराठी शाळा. मी स्वतः पुण्यात टिळक टँकवर पोहायला शिकलो, त्यामुळे इथल्या लीग आणि क्लब यांतील फरक मला नीटसा उमगत नाही. कोणत्या निकषांवर ठरवावे?

पोटोमॅककाठी
यंदा समर टीम घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या भागातील बरेचसे वसाहतींचे तलाव नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीगमध्ये असतात. ही लीग १९५६ पासून चालत आली आहे. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत दर शनिवारी सकाळी दोन तलावांमध्ये लढत होते, तिला ‘ए मीट’ म्हणतात. तीत प्रत्येक शर्यतीत एका टीमची तीनच मुले उतरतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तिची निवड झाली नाही तर मनाला लावून घेऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी होणाऱ्या ‘बी मीट’मध्ये उरलेल्या मुलांना पोहायला मिळते आणि खरी मजा तिथेच असते. वयोगट १ जून रोजीच्या वयावरून ठरतो आणि आठ व त्याखालील वयाची मुले २५ मीटरच पोहतात. मराठी शाळेला तेव्हा सुट्टी असते. प्रश्न उरतो तो कथकचा, तेवढे गुरूंशी बोलून घ्यावे लागेल. ऑलिम्पिक विजेती जलतरणपटू केटी लेडेकी हिनेही मेरीलँडमध्ये सहाव्या वर्षी वसाहतीच्या उन्हाळी टीमपासूनच सुरुवात केली होती. अर्थात प्रत्येक मूल लेडेकी होत नाही, पण लवकर क्लबमध्ये घातले नाही तर संधी हुकते, ही आपल्या पालकमंडळींची धास्ती तरी त्यातून कमी व्हावी.

लेन_चार
वरील सल्ल्याशी मी अर्धाच सहमत आहे. मी गेली काही वर्षे स्पर्धांमध्ये स्ट्रोक जज म्हणून, म्हणजे मुले नियमानुसार पोहतात का हे पाहणारी पंच म्हणून, तलावाच्या काठावर उभी असते. समर टीमचे प्रशिक्षक बहुधा हायस्कूल-कॉलेजची मुले असतात. ती मुलांना जीव लावतात, पण एका लेनमध्ये बरीच मुले असताना ब्रेस्टस्ट्रोकची लाथ दुरुस्त करायला त्यांना सवड मिळत नाही. परिणामी, कात्रीसारखी लाथ मारल्यामुळे किंवा दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला न लागल्यामुळे ही चिमुरडी मुले बाद होतात आणि काही तर पुन्हा तो स्ट्रोक पोहायलाच घाबरतात.

म्हणून शक्य असेल तर मार्च ते मे या काळात तिला एखाद्या क्लबच्या प्री-टीममध्ये (टीमआधीच्या तयारी वर्गात) किंवा स्ट्रोक सुधारण्याच्या छोट्या वर्गात, म्हणजे स्ट्रोक क्लिनिकमध्ये घाला. त्यात स्पर्धांची सक्ती नसते आणि वर्षभराची बांधिलकीही नसते. वायएमसीएच्या टीम हाही एक मधला मार्ग आहे.

वर्षभराचा क्लब बहुधा यूएसए स्विमिंग या राष्ट्रीय जलतरण संघटनेशी संलग्न असतो. सप्टेंबर ते मार्च २५ यार्डांच्या तलावात आणि नंतर ५० मीटरच्या तलावात, असा त्यांचा हंगाम चालतो. स्पर्धा शनिवार-रविवार व्यापतात, मूल पाण्यात जेमतेम मिनिटभर असते आणि पालक दमट हॉलमध्ये तासन्‌तास बसून राहतात. आठ वर्षांच्या मुलीला तिथे बऱ्याचदा दहा व त्याखालील वयाच्या गटात मोठ्या मुलांबरोबर उतरावे लागते, हेही लक्षात घ्या. क्लबची पारख करताना सर्वांत वेगवान गटाकडे पाहू नका, त्याकडे कोणीही लक्ष देतो. सर्वांत हळू लेनमधल्या मुलांशी प्रशिक्षक बोलतो का, ते पाहा. सराव बघू देत नसतील, तर तिथून सरळ निघून या.

पोटोमॅककाठी
स्ट्रोक क्लिनिकचा मुद्दा मान्य. एक भर घालतो: बहुतेक क्लब उन्हाळ्यात मुलांना समर टीमकडूनही पोहू देतात, त्यामुळे ही निवड कायमची एकाच बाजूची नसते. दोन्हीकडे पालकांना टायमर (वेळ नोंदवणारे) म्हणून किंवा अन्य कामांसाठी उभे राहावे लागते. किती पाळ्या सक्तीच्या आहेत आणि त्या चुकल्यास दंड किती, हे आधीच लेखी विचारा.

फेअरफॅक्सकर
दोघांचेही आभार. तीन दिवसांच्या सरावाला तिने होकार दिला होता, पण तो नव्या गॉगलच्या भरात होता असे तिच्या आईचे म्हणणे आहे. आम्ही वसंतात क्लिनिक आणि जूनमध्ये समर टीम असे ठरवत आहोत. त्या क्लबला सप्टेंबरपर्यंत जागा राखून ठेवता येईल का, असे विचारले तर ते चालते का, की चाचणी पुन्हा द्यावी लागते?

लेन_चार
अवश्य विचारा. जागा राखून ठेवतीलच असे नाही, मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागली तरी बिघडत नाही. नोव्हेंबरमध्ये नऊ-दहा वर्षांची मुले दुसऱ्या खेळांकडे वळतात, तेव्हा मधेच जागा रिकाम्या होतात. प्रतीक्षा यादीत नाव घालून ठेवा.