मदत हवी आहे : नैतिकता समिती नसलेल्या रुग्णालयाबरोबर विद्यापीठाचा सामंजस्य करार

आमचा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि तालुक्याच्या ठिकाणचे एक धर्मादाय रुग्णालय मिळून, मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांतील जिवाणू कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, याचा अभ्यास करणार आहोत. यात औषधचाचणी नाही. नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचा उरलेला भाग आणि रुग्णाची मोजकी माहिती, तीही लेखी संमतीने, एवढेच वापरायचे आहे.

विद्यापीठाची नैतिकता समिती (रुग्णांशी संबंधित संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, हे तपासणारी समिती) केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे, रुग्णालयाला मात्र स्वतःची समिती नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी संस्था करार करून मंजुरीसाठी दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाऊ शकते. त्याप्रमाणे आम्ही मसुदा तयार केला. परंतु रुग्णाची ओळख उघड करणाऱ्या नोंदी कोणाकडे राहाव्यात आणि उरलेल्या नमुन्यांवर पुढे हक्क कोणाचा, या दोन कलमांवर तो अडला आहे. रुग्णालयातील डॉक्टर बाह्यरुग्ण विभाग सांभाळून हे काम करणार असल्याने शोधनिबंधातील त्यांचे लेखकत्वही करारातच नोंदवले जावे, असे मला मनापासून वाटते. स्वतंत्र कायदेशीर सल्लागार नेमण्याइतका निधी प्रकल्पात नाही.

असा करार ज्यांनी प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी ही दोन कलमे कशी लिहिली, आणि रुग्णालयाच्या बाजूने सही विश्वस्तांची घेतली की वैद्यकीय अधीक्षकांची?