नदीकाठच्या भिंतीवरून ग्रुपवर झालेलं बोलणं

बी-३०४: नमस्कार. नदीकाठ सुशोभीकरणाच्या आराखड्यावर हरकती नोंदवायची मुदत परवा संपतेय. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, त्यावर पदपथ आणि दिवे, एवढंच त्यात आहे. पाण्याचं काय करणार याबद्दल एक ओळही नाही. सोसायटीतर्फे हरकतीचं पत्र द्यावं असं मला वाटतं. मसुदा मी लिहिते.

ए-१०२: ताई, भिंत झाली तर वास तरी कमी होईल. पुराची भीतीही जाईल. विरोध कशाला?

बी-३०४: दादा, वास पाण्यात आहे, काठात नाही. मैला खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा प्राणवायू नदी स्वतः भरून काढते, उथळ पाण्यात, गोट्यांवरून खळाळताना. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून याचं गणितच मांडलं: सांडपाणी मिसळल्यावर प्राणवायू किती खाली जातो आणि पुढे किती अंतरावर पुन्हा वर येतो. आपण नदी सरळ आणि गुळगुळीत केली तर गोटे, मुळं, वाळू हे सगळं जातं, आणि जिवाणू त्यांच्यावरच तर वाढतात. पुराचं म्हणाल तर पात्र आवळलं की पाणी जास्त वेगाने खालच्या वस्तीवर जातं. आपली भीती त्यांच्या दारात नेऊन टाकल्यासारखं होईल ते.

डी-७०३: सोलमध्ये उड्डाणपूल पाडून ओढा मोकळा केला ना? चंगयेचॉन. फोटो टाकतो. तसं मागूया.

सी-५०१: मी इतका वेळ नुसता वाचत होतो. पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी सांगतो. ते काम २००५ साली पुरं झालं, साधारण ५.८ किलोमीटरचं. शहराचं त्याने भलं झालं. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने उचलून आणलेलं असतं. तो ओढा शहराचं सांडपाणी शुद्ध करत नाही. आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा, मग फोटो.

बी-३०४: काका, मी पत्रात लिहिणार होते की काठावर पाणथळ जागा केल्या तर नदीच सगळं सांडपाणी शुद्ध करील.

सी-५०१: नाही बाई, तसं लिहू नकोस. पहिल्याच बैठकीत खोडून काढतील. घरगुती सांडपाणी वनस्पतींच्या वाफ्यातून आडवं वाहू द्यायचं, तर युरोपात माणशी साधारण ५ चौरस मीटर जागा धरतात. एक लाख माणसांना ५० हेक्टर. शहरात कुठून आणणार? शिवाय कारखान्यांचे जड धातू जिवाणू खाऊ शकत नाहीत, ते गाळात साठतात. ते कारखान्यातच अडवायला हवेत. नदीला सुरुवातीचं काम द्यायचं नाही, शेवटचं द्यायचं. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातून बाहेर पडलेल्या पाण्यात नायट्रोजन उरतो, थोडे रोगजंतू उरतात. ते कमी करायचं काम ती फार चांगलं करते.

ई-२०२: काका, ते कसं?

सी-५०१: प्राणवायू असलेल्या पाण्यात काही जातींचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली चिखलात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्या नायट्रेटमधला नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. उथळ पाणी आणि खालचा चिखल, दोन्ही शेजारी शेजारी लागतात. पाणथळीत ते आपसूक मिळतं. उन्हाने रोगजंतू मरतात. फॉस्फरसचं मात्र तसं नाही, तो हवेत जात नाही, म्हणून वनस्पती कापून बाहेर न्याव्या लागतात, गाळ काढावा लागतो. ही देखभाल पत्रात मागा. नाहीतर पाच वर्षांत वाफे तुंबतील.

पाण्याच्या पुनर्वापराचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातली सांता आना नदी घ्या. तिच्या कोरड्या दिवसांतल्या प्रवाहात मोठा भाग वरच्या शहरांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा असतो. त्याच नदीवर प्राडो इथे शेकडो एकरांच्या पाणथळ तळ्यांतून त्यातलं बरंच पाणी फिरवून नायट्रेट कमी करतात. पुढे ऑरेंज काउंटीत ते जमिनीत मुरवतात आणि तोच भूजलसाठा लोकांना प्यायला मिळतो. काँक्रीटमधून पाणी मुरत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

एफ-६०१: डासांचं काय? लहान मुलं आहेत घरात.

सी-५०१: ताई, काळजी रास्त आहे. डास साचलेल्या पाण्यात होतात. पाणी हलतं ठेवलं आणि अळ्या खाणारे मासे जगतील इतका प्राणवायू असला तर त्रास कमी राहतो. आत्ताच्या काळ्या पाण्यात मासे आहेत कुठे?

डी-७०३: म्हणजे आधी मैला थांबवायचा?

सी-५०१: तेच. जर्मनीतली एम्शर नदी शंभरेक वर्षं उघडं गटार होती. १९९२ मध्ये काम सुरू केलं, जमिनीखालून ५१ किलोमीटरची मलवाहिनी टाकली, आणि २०२१ च्या शेवटी नदीत सांडपाणी सोडणं बंद झालं. तीस वर्षं लागली. काठ मोकळे करणं त्याबरोबर चालूच होतं.

बी-३०४: मी मसुदा बदलते. नाल्यांतून येणारा मैला अडवणं पहिलं. काठाला भिंत नको, पूरपट्टा मोकळा ठेवा. प्रक्रिया केलेलं पाणी थेट न सोडता पाणथळीतून सोडा. आणि महिन्याला पाण्याची तपासणी करून आकडे जाहीर करा.

सचिव: एक बोलायचं होतं. आपल्या एसटीपीचा, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा, हवा देणारा ब्लोअर गेले काही महिने रात्री बंद ठेवतोय. वीजबिल कमी करायला ठेकेदाराने सुचवलं आणि मी होकार दिला. आपलं पाणी पावसाळी गटारातून त्याच नदीत जातं. हे लपवून पत्रावर सही करणं मला जमणार नाही.

ए-१०२: सचिव साहेब, सांगितलंत ते बरं झालं. आजपासून चालू करा. फरक पडेल तो मेंटेनन्समध्ये घ्या, माझी हरकत नाही.

ई-२०२: माझीही नाही.

सी-५०१: रोज रात्री हवा बंद राहिल्याने टाकीतले जिवाणू कमजोर झाले असतील. चालू केल्यावर लगेच पाणी सुधारणार नाही, दोनतीन आठवडे द्या. मग नमुना घेऊ. बाटली मी भरतो, बाहेरच्या प्रयोगशाळेत देऊ.

बी-३०४: काका, पत्राला आपल्या पाण्याचा शेवटचा अहवाल जोडू का? खराब आला असला तरी?

सचिव: जोडा. फाइल माझ्याकडे आहे, संध्याकाळी आणून देतो.