तळ्याच्या गाळाचा गाभा काढताना दबला, खोली कशी दुरुस्त करू?

मालवणजवळच्या सड्यावरच्या तळ्यातून गाळाचा गाभा (पाइपात थरांसकट निघालेला उभा नमुना) काढलाय, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी. पाणी २ मीटर, होडीतून काम, ग्रामपंचायतीची परवानगी आहे. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप रबरी हातोडीने ठोकला. तळाच्या गाळात ७० सेंमी गेला, पण आत गाळ भरला फक्त ५२ सेंमी. खालून काही निसटलं नाही, तोंडाशी घट्ट चिकण माती होती. पाइप उभाच ठेवून वरचं पाणी भोक पाडून सोडलं. मग पाइप उभा चिरून पाहिला: वर काळा पातळ चिखल, खाली जांभ्याची लालसर माती, आणि ३१ सेंमीवर काजूच्या पानाची अख्खी शीर! कार्बन कालमापनाला ती सोन्यासारखी. अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री संशोधन केंद्राजवळच्या शिर्माखर ओअॅसिसमधल्या (बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यातल्या) तळ्यांत झाडाचं पान कुठलं मिळायला. तिथे शेवाळावर भागवावं लागतं, आणि हिमनदीच्या वितळपाण्यातला जुना कार्बन वय फुगवतो.

पिस्टन कोअरर (आत दट्ट्या असलेली, गाळ कमी दबू देणारी नळी) मिळणार नाही, दुसरा गाभा पावसाआधीच काढायचाय.

प्रत्येक खोलीला सरसकट ७०/५२ ने गुणणं मला पटत नाही, पातळ थर जास्त दबला असणार. मग ही १८ सेंमीची तूट थरांमध्ये कशी वाटायची? आणि पुढच्या वेळी ठोकताना नेमकं काय मोजून ठेवू?