मुखवटा नाचात घातला होता, हे कशावरून ओळखायचं?

प्रश्न: मुखवटे घालून नाचण्याचे विधी किती जुने, यावर काहीही वाचलं की गुहाचित्रांचेच दाखले येतात. पण चित्रातला शिंगवाला हा सोंग घेतलेला माणूस की देव, हे कसं ठरवणार? आणि मुखवटाच हाती आला, तर तो नाचातला की नवसाला वाहिलेला?

प्रतिसाद १: चित्रं बाजूला ठेवा आणि वस्तू आतून बघा. इंग्लंडमधल्या स्टार कार इथे ग्रॅहॅम क्लार्क यांना १९४९ ते ५१च्या उत्खननात हरणाच्या कवटीची २१ शिरोभूषणं मिळाली. सुमारे ११,००० वर्षांपूर्वीची. शिंगं कापून हलकी केलेली, कवटीला भोकं पाडलेली, आतली बाजू तासलेली. ती करताना हरणाच्या मुंडक्यावर ओली माती थापून ते सुमारे ४ तास निखाऱ्यांत ठेवलं की कातडं सोलणं सोपं जातं, असं प्रयोगातून दिसलं आहे.

प्रतिसाद २: शिंगं कापली म्हणजे ओझं कमी करायलाच, असं धरू नका. तिथे शिंगाच्या पट्ट्या काढून भाल्याची टोकं करत. भोकं आणि तासलेला आतला भाग हाच भरवशाचा पुरावा, आणि तोही फक्त डोक्यावर घातल्याचा. हरणाला फसवायला शिकारीही घालेल. नाच म्हणायला सोबत तालाचं काही सापडावं लागतं. इजिप्तमध्ये काहून या प्राचीन वस्तीत १८८९ साली उत्खनन करणाऱ्या पेट्री यांना कापडाचे थर आणि गिलावा यांचा मुखवटा मिळाला, डोळ्यांना आणि नाकपुड्यांना भोकं असलेला. लगतच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात चिपळ्यांसारखी हस्तिदंती जोडी होती. माझ्या मते इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

प्रतिसाद ३: डोळ्यांची भोकं कुठे आहेत, तेही बघा. जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या संग्रहालयातल्या अनुबिसच्या, म्हणजे इजिप्तच्या कोल्ह्याच्या तोंडाच्या देवाच्या, मातीच्या मुखवट्याला खांद्यांवर बसायला दोन्ही बाजूंनी खाचा आहेत, आणि बघायची भोकं कोल्ह्याच्या डोळ्यांत नसून मानेखाली. आतल्याला समोरचं जेमतेम दिसणार, बाजूचं काहीच नाही. इजिप्तमधल्या देंदेराच्या मंदिरातल्या शिल्पात असा पुजारी मुखवट्याच्या आत दाखवलाय आणि दुसरा त्याला धरून नेतोय. मुखवटा मातीचा, त्यामुळे पावलं संथच पडणार. यात उड्या मारता येत नाहीत.
ग्रीसमधल्या स्पार्टातल्या आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या देवळातले मातीचे मुखवटे (इ. स. पू. ७वं-६वं शतक) मात्र बरेचसे चेहऱ्यापेक्षा लहान, म्हणजे नवसाचे. तरी ते टाकाऊ समजू नका: सुरकुतलेली म्हातारी, योद्धे, तरुण अशी ठरलेली सोंगं त्यांत पुन्हा पुन्हा येतात. घालायचे मूळ मुखवटे लाकडाचे किंवा कापडाचे असावेत, आणि ते कुजून गेले.