लेटेकमधील गणिताची टिपणे फोनच्या ब्राउझरमध्ये नीट वाचता येतील अशी कशी करावीत?

अजिंक्यतारा (सातारा) यांचा प्रश्न

मी साताऱ्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गांना रिअल अ‍ॅनालिसिस शिकवतो आणि माझी टिपणे लेटेक या गणिती मजकुराच्या अक्षरजुळणी प्रणालीत लिहितो. निवेदन मराठीत आणि समीकरणे नेहमीच्या चिन्हांत असतात, आणि झीलेटेक या तिच्या प्रकाराने तयार झालेली पीडीएफ छापल्यावर उत्तम दिसते. परंतु माण-खटावकडून येणारे माझे बहुतेक विद्यार्थी ती छापून घेत नाहीत, फोनवरच वाचतात. ए-फोर आकाराचे पान फोनवर दोन बोटांनी मोठे करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावे लागते. लांब सिद्धतेत मध्येच ‘समीकरण (3.7) वरून’ असे आले की वाचणारा मागच्या पानांवर जातो आणि परत येईपर्यंत युक्तिवादाचा धागा सुटलेला असतो. संदर्भावर बोट ठेवताच ते समीकरण तिथेच दिसावे, सिद्धता हवी तेव्हा उघडावी आणि नको तेव्हा मिटवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यासाठी सर्व टिपणे नव्याने लिहावी लागतील का?

कृष्णाकाठ (सांगली) यांचे उत्तर

नव्याने लिहावी लागणार नाहीत. मात्र पीडीएफवर काम करण्याऐवजी मूळ लेटेक फाइलकडे वळावे लागेल. पीडीएफमध्ये कोणते अक्षर पानावर नेमके कुठे बसवायचे एवढेच मुख्यतः नोंदलेले असते. हे प्रमेय, ही त्याची सिद्धता, हा अंश, हा छेद अशी रचना त्यात सहसा उरत नाही, म्हणून ते पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेऊ शकत नाही. तुमच्या लेटेक फाइलमध्ये मात्र ही सारी रचना तुम्ही आधीच लिहून ठेवलेली आहे; प्रत्येक समीकरणाला दिलेले लेबल म्हणजेच तुम्हाला हवा असलेला दुवा आहे.

ती रचना टिकवून एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांची भाषा) तयार करणारे लेटेक-एमएल हे साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेत ते गणिती फलांच्या डिजिटल ग्रंथालयासाठी तयार झाले. ते ग्रंथालय 2010 मध्ये खुले झाले. ते अवश्य पाहा, कारण तिथे सूत्राशेजारच्या खुणेवर दाबले की त्यातील चिन्हांच्या व्याख्या आणि मूळ टेक मजकूर समोर येतो. शोधनिबंध खुले ठेवणाऱ्या ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळाने डिसेंबर 2023 पासून नव्या शोधनिबंधांची एचटीएमएल आवृत्ती द्यायला सुरुवात केली, तीही याच साधनाच्या आधारे.

समीकरणे मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावर गणित लिहिण्याच्या भाषेत, ठेवावीत असे माझे ठाम मत आहे. हे मानक 1998 चे आहे, परंतु क्रोमने जानेवारी 2023 मधील 109 व्या आवृत्तीपासून ते पुन्हा स्वीकारेपर्यंत त्याचा फोनवर फारसा उपयोग नव्हता; फायरफॉक्समध्ये ते पूर्वीपासून चालत होते. आता साध्या पानाला समीकरणांसाठी वेगळी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) उतरवून घ्यावी लागत नाही, आणि जिथे रेंज जेमतेम असते तिथल्या विद्यार्थ्याला हा फरक लगेच जाणवतो.

संदर्भ जागेवरच दाखवण्यासाठी थोडी जावास्क्रिप्ट मात्र लिहावी लागेल: दुवा ज्या समीकरणाकडे नेतो त्याची प्रत काढायची, प्रतीवरील ओळखचिन्ह काढून टाकायचे, म्हणजे एकाच पानावर दोन सारखी ओळखचिन्हे राहत नाहीत, आणि ती प्रत चालू परिच्छेदाखाली उघडायची. सिद्धता मिटवण्या-उघडण्यासाठी एचटीएमएलमधील ‘डिटेल्स’ हा घटक पुरेसा आहे.

माणदेशी यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण मॅथजॅक्स, म्हणजे पानावर समीकरणे दाखवणारी जावास्क्रिप्ट, इतक्या सहज बाजूला ठेवू नये. त्यात वाचक बाणांच्या कळांनी समीकरणाच्या एकेका भागात शिरू शकतो आणि तो भाग ऐकूही शकतो. या वाचनासाठी हिंदीही उपलब्ध आहे. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर ही सोय फार मोलाची ठरते. त्याच कामाचे केटेक हे साधन अधिक वेगवान आहे, पण लेटेकची लेबले आणि त्यांचे संदर्भ ते स्वतः जुळवत नाही, आणि तुमची मुख्य गरज तर तीच आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

दोघांचाही आभारी आहे. दोन शंका उरतात. माझ्या फाइलीत देवनागरी सर्वत्र आहे, अगदी समीकरणांच्या आतही, उदाहरणार्थ ‘जर क्ष परिमेय असेल तर’ अशा अटी. त्यांचे काय होईल? आणि रुंद समीकरण फोनच्या पडद्यात कसे मावेल?

कृष्णाकाठ (सांगली)

देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये असल्यामुळे तो तसाच एचटीएमएलमध्ये उतरतो. अडचण येऊ शकते ती फॉन्ट ठरवणाऱ्या आज्ञांची. लेटेक-एमएलसोबत येणाऱ्या पॅकेजमध्ये अटीची आज्ञा आहे, तिच्या आधारे त्या ओळी फक्त पीडीएफपुरत्या ठेवल्या की एकाच मूळ फाइलीतून छपाईची पीडीएफ आणि वाचनाचे पान अशी दोन्ही रूपे निघतात. समीकरणातील शब्दांसाठी सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) मजकूर-घटकाला स्वतंत्र देवनागरी फॉन्ट नेमून द्या, अन्यथा फोन स्वतःच्या मर्जीने एखादा फॉन्ट लावतो आणि अक्षरांचा आकार आजूबाजूच्या चिन्हांशी जुळत नाही. गणिती चिन्हांसाठीही ‘स्टिक्स टू मॅथ’ किंवा ‘लॅटिन मॉडर्न मॅथ’ यांपैकी एक फॉन्ट पानासोबत पाठवा. पुष्कळ फोनमध्ये गणिती फॉन्ट मुळात नसतो आणि मग कंस व वर्गमुळाची चिन्हे नीट ताणली जात नाहीत.

रुंद समीकरणासाठी पहिला उपाय लेखनातच आहे: बरोबरीच्या चिन्हापाशी ओळी तोडून ते लिहावे. तरीही न मावणाऱ्या समीकरणापुरती आडवी सरकपट्टी द्यावी, म्हणजे ते समीकरण तेवढे सरकेल आणि सभोवतीचा मजकूर स्थिर राहील. एक प्रकरण आधी रूपांतरित करून ते विद्यार्थ्यांच्याच फोनवर उघडून पाहा, कारण संगणकाच्या रुंद पडद्यावर यातील बहुतेक दोष दिसतच नाहीत.