मदत हवी आहे : लेकीच्या घरातली रेडिएटरची शिट्टी

नमस्कार नाशिककर. लेक न्यूयॉर्कला जुन्या इमारतीत राहते. आपलं निफाडच्या थंडीतही शेकोटीवर भागतं, तिकडे खोली गरम करायला वाफेचा रेडिएटर! सकाळी साडेनऊला आमचा व्हिडिओ कॉल, तिच्याकडे रात्रीचे अकरा, आणि मागे कुकरसारखी शिट्टी. एकच पाइप, बाजूला छोटा एअर व्हेंट. हवा निघून वाफ पोचली की तो बंद व्हायला हवा. हा फुसफुसतच राहतो. ठकठकही होती. पाइपवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित उतरता केला, तेव्हा ती थांबली. शिट्टी तशीच. घरमालक म्हणतो, सवय होईल. (मला इथे बसून झाली नाही!) व्हेंट काढून व्हिनेगरमध्ये भिजवावा की सरळ नवा घ्यावा? तिकडे राहून आलेल्या कुणी केलंय का हे?